विभक्ती गेली, काम राहिले : युक्रेनी भाषक आणि इंग्रजी नाम



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या शाळेत अनेक पिढ्यांना व्याकरण शिकविले. तेव्हा आजचा विषयही व्याकरणाचाच असावा असे मला वाटले. तो थोडा दूरदेशीचा आहे. युक्रेनी मातृभाषा असलेला माणूस इंग्रजी शिकू लागला म्हणजे नामांच्या बाबतीत तो कोठे अडखळतो आणि का अडखळतो, हे मी आपल्यापुढे मांडणार आहे. बेळगावात बसून युक्रेनी माणसाच्या इंग्रजीची उठाठेव कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर विवेचनाच्या ओघात मिळेल अशी मला आशा आहे.

या विषयाशी माझा संबंध आला तो असा. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर सर्वंकष आक्रमण केले आणि लक्षावधी माणसे देशाबाहेर पडली. त्यांत स्त्रिया आणि मुले फार होती. मार्च २०२२ मध्ये ब्रिटनने ‘होम्स फॉर युक्रेन’ ही योजना सुरू केली आणि तेथील कुटुंबांनी या मंडळींना आपल्या घरांत जागा दिली. निवृत्तीनंतर माझे काही काळ इंग्लंडमध्ये कन्येकडे वास्तव्य होते. तेथे एका सार्वजनिक वाचनालयात या लोकांसाठी इंग्रजीचा वर्ग चाले. उभा जन्म इंग्रजी शिकविण्यात गेल्यामुळे मीही त्या कामात सामील झालो. वह्या तपासू लागलो तेव्हा चुका मला ओळखीच्या वाटेनात. आपल्याकडची मुले जेथे चुकतात तेथे ही मंडळी बिनचूक लिहीत, आणि आपली मुले जेथे सहज पार पडतात तेथे ती घसरत. मग मी युक्रेनी भाषेचे व्याकरण उघडून बसलो आणि त्या चुकांमागची शिस्त दिसू लागली.

युक्रेनी ही स्लाव्ह कुळातील भाषा, म्हणजे दूरच्या नात्याने संस्कृतची आणि पर्यायाने मराठीची भावंडच. त्या भाषेत दोनाला ‘द्वा’, तिनाला ‘त्री’ आणि दाराला ‘द्वेरी’ म्हणतात, हे ऐकल्यावर नात्याचा वेगळा पुरावा मागावा लागत नाही. नामाला तीन लिंगे आहेत, आपल्यासारखीच. पुस्तक म्हणजे ‘क्निहा’ हे स्त्रीलिंगी, टेबल म्हणजे ‘स्तिल’ हे पुल्लिंगी आणि खिडकी म्हणजे ‘विक्नो’ हे नपुंसकलिंगी. विभक्ती सात. संस्कृतातील आठांपैकी पंचमीचे स्वतंत्र रूप तेवढे तेथे नाही. बाकी प्रथमेपासून संबोधनापर्यंत सारा परिवार नांदतो आहे. भावाला हाक मारताना युक्रेनी माणूस ‘ब्रात’ म्हणत नाही, ‘ब्राते’ म्हणतो. आपल्याला येथे संस्कृतातील ‘भ्रातः’ आठवावे, किंवा मराठीतील ‘मुलांनो’ आठवावे. शेजारच्या रशियन भाषेत हे संबोधन जवळजवळ लोपले आहे. सोव्हिएत काळातील शालेय व्याकरणांत युक्रेनीतही त्याला विभक्तीचा मान न देता नुसते ‘संबोधनाचे रूप’ म्हटले जाई. स्वातंत्र्यानंतर ते पुन्हा सातवी विभक्ती म्हणून प्रतिष्ठित झाले. १८७६ च्या एम्स येथील फर्मानाने ज्या भाषेतील छपाईवर रशियन साम्राज्यात कडक निर्बंध घातले गेले, त्या भाषेच्या लोकांना आपली विभक्तीही जिवाभावाची वाटावी, यात नवल नाही.

आता इंग्रजी नामाकडे पाहा. लिंगानुसार त्याचे रूप बदलत नाही. विभक्ती म्हणावी तर स्वामित्व दाखविणारा एक ‘स’ शिल्लक आहे. अनेकवचनालाही बहुधा तोच ‘स’. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत नामाला विभक्ती होत्या, लिंगे होती. पुढील काही शतकांत ती सारी रूपे झिजून गेली. सर्वनामांत ‘ही’ आणि ‘हिम’ असे काही अवशेष तेवढे राहिले. त्यामुळे पहिल्या आठवड्यात युक्रेनी विद्यार्थी हर्षभरित होतो. सात विभक्ती, दोन वचने आणि नाना प्रकारे चालणारी नामे पाठ केलेल्या माणसाला हे नाम म्हणजे मोकळे रानच वाटते. पण दुसऱ्या महिन्यापासून तो गोंधळू लागतो. रूपे गेली तरी त्यांनी करावयाचे काम कोठेही गेलेले नसते. ते काम इंग्रजीने दुसऱ्या नोकरांकडे सोपविलेले असते. शब्दाची जागा, शब्दयोगी अव्यय आणि उपपद हे ते तीन नोकर होत. कमी रूपांची भाषा म्हणजे सोपी भाषा नव्हे, हे आजच्या व्याख्यानाचे सार आहे.

पहिला नोकर, शब्दाची जागा. कुत्रा माणसाला चावला, हे युक्रेनीत ‘सोबाका व्कुसिव चोलोविका’ असे होते. ‘चोलोविक’ म्हणजे माणूस. त्याला ‘आ’ लागून ‘चोलोविका’ झाले की तो कर्म ठरला. मग ‘चोलोविका व्कुसिव सोबाका’ असे उलटे म्हटले तरी चावणारा कुत्राच राहतो. मराठीतही ‘माणसाला कुत्रा चावला’ म्हटल्याने माणसाची सुटका होत नाही. इंग्रजीत मात्र ‘द डॉग बिट द मॅन’ हे उलटे केले की माणूस कुत्र्याला चावतो. विभक्तीच्या भरवशावर वावरणाऱ्या माणसाला शब्दाची जागा हीच विभक्ती आहे ही गोष्ट समजते लवकर, पण अंगवळणी पडण्यास काळ लागतो. दुसरा नोकर, शब्दयोगी अव्यय. ‘निझ’ म्हणजे सुरी आणि ‘नोझेम’ म्हणजे सुरीने. ‘आव्तोबुसोम’ म्हणजे बसने. युक्रेनीत आणि मराठीत एकच तृतीया दोन्हीकडे चालते. इंग्रजीत सुरीसाठी ‘विथ’ आणि बससाठी ‘बाय’. शिवाय सुरीपूर्वी ‘अ’ हवा आणि बसपूर्वी काहीच नको. एका प्रत्ययाचे हे असे तुकडे झालेले असतात.

स्वामित्वाच्या बाबतीत आपली स्थिती युक्रेनी माणसापेक्षा बरी आहे. ‘भावाचे पुस्तक’ या मराठी शब्दांचा क्रम आणि इंग्रजीतला क्रम एकच. युक्रेनीत बहुधा ‘क्निहा ब्राता’, म्हणजे ‘पुस्तक भावाचे’ असा क्रम असतो. जोडनामांत त्याची अडचण आणखी वाढते. सफरचंदाच्या रसाला युक्रेनी माणूस ‘याब्लुच्नी सिक’ म्हणतो. सफरचंदाचे आधी विशेषण करतो आणि मग ते रसाला जोडतो. इंग्रजी मात्र एका नामाशेजारी दुसरे नाम आणून बसविते आणि मोकळी होते: ‘ॲपल ज्यूस’, ‘स्कूल गार्डन’. प्रत्यय नाही, विशेषण नाही, मग कोणाचे कोण हे कसे ओळखावे? येथे आपल्या हाताशी समास आहे. ‘राजवाडा’ म्हणजे राजाचा वाडा, वाड्याचा राजा नव्हे, हे या शाळेतील पाचवीचा मुलगाही सांगेल. मुख्य पद शेवटी, हा तत्पुरुषाचा नियम येथे जसाच्या तसा लागू पडतो. तत्पुरुष हा शब्द न उच्चारता मी तेच तत्त्व त्या वर्गाला सांगितले, आणि ‘रेस कार’ व ‘कार रेस’ यांतील फरक मंडळींना तत्काळ उमगला.

वचनाच्या बाबतीत तर दोन मातृभाषांची तुलना फार उद्बोधक ठरते. कात्रीला आपण एकवचनी मानतो, म्हणून आपला विद्यार्थी ‘अ सिझर’ असे लिहून बसतो. युक्रेनीत कात्री म्हणजे ‘नोझित्सी’ आणि चष्मा म्हणजे ‘ओकुल्यारी’. दोन्ही नित्य अनेकवचनी. त्यामुळे ‘सिझर्स’ आणि ‘ग्लासेस’ तो न शिकविता बरोबर वापरतो. केस आपण मोजतो, म्हणून आपली मुले ‘हेअर्स’ लिहितात. युक्रेनीत केसांना ‘वोलोस्स्या’ हे एकवचनी समूहवाचक नाम आहे. तेथे तो चुकत नाही. पण दार म्हणजे ‘द्वेरी’ नेमके नित्य अनेकवचनी, त्यामुळे एकच दार उघडे असले तरी तो ‘डोअर्स आर ओपन’ असे म्हणतो. पैसे म्हणजे ‘ह्रोशी’ हेही अनेकवचनी, म्हणून ‘मनी आर’. लाकडी सामान म्हणजे ‘मेब्ली’ तसेच, म्हणून ‘फर्निचर आर’. उलट कपड्यांना ‘ओद्याह’ हे एकवचनी नाम, म्हणून ‘क्लोद्स इज’. बटाटे, द्राक्षे ही आपण मोजतो. युक्रेनीत बटाट्यासाठी ‘कार्तोप्ल्या’ आणि द्राक्षासाठी ‘विनोह्राद’ हे शब्द गव्हा-तांदळासारखे राशीचे वाचक आहेत. म्हणून तो बाजारातून ‘पोटॅटो’ आणतो, ‘पोटॅटोज’ नव्हे. सल्ला आणि बातमी या दोहोंच्या बाबतीत मात्र आपण आणि ते सहप्रवासी आहोत. आपण ‘सल्ले’ देतो, ते ‘पोरादी’ देतात, आणि दोघेही इंग्रजीत ‘ॲडव्हायसेस’ लिहितो.

येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की वस्तू मोजावयाची की राशीने घ्यावयाची, हे वस्तू ठरवीत नाही, भाषा ठरविते. इंग्रजीचेही यात वेळोवेळी मत पालटले आहे. वाटाण्याला पूर्वी ‘पीझ’ हा एकवचनी राशिवाचक शब्द होता. त्यातील शेवटचा ‘झ’ हा अनेकवचनाचा प्रत्यय असावा असा लोकांचा समज झाला आणि त्यातून ‘पी’ हे नवे एकवचन जन्माला आले. आज तेच शुद्ध गणले जाते. ज्या प्रकारच्या चुकीसाठी आपण विद्यार्थ्याच्या वहीवर लाल रेघ ओढतो, त्याच प्रकारच्या चुकीतून हा शब्द घडला आहे.

संख्येचा एक बारकावा मला विशेष आवडला. युक्रेनीत दोन, तीन आणि चार यांच्यापुढे नामाचे एक रूप येते, पाचापासून पुढे षष्ठीचे अनेकवचन येते, आणि एकवीस आले की नाम पुन्हा एकवचनी होते. एकविसात शेवटी ‘एक’ उच्चारला जातो, आणि शेवटचा शब्द नामावर सत्ता चालवितो. म्हणून ‘ट्वेन्टी वन बुक’ असे लिहिणारा विद्यार्थी निष्काळजी नसतो. तो आपल्या भाषेचा एक काटेकोर नियम इमानाने पाळत असतो.

लिंगाबाबत आपण सीमाभागातील माणसांना फार समजावून सांगावे लागत नाही. मराठीत पलंग तो, खुर्ची ती आणि टेबल ते. कन्नडमध्ये माणसांत पुरुष आणि स्त्री, बाकी निर्जीव वस्तू साऱ्या नपुंसकलिंगी. म्हणून घरी कन्नड बोलणारे मूल मराठी वर्गात लिंगांत चुकते, तर मराठी मुलाला कन्नडचे लिंग सोपे जाते. इंग्रजीची व्यवस्था पुष्कळ अंशी कन्नडसारखी आहे. युक्रेनी माणूस मराठी घरातून आल्यासारखा येतो. पुस्तकाला ‘शी’ आणि टेबलाला ‘ही’ म्हणतो. उलट ‘फ्रेंड’ या शब्दात मित्र की मैत्रीण हे कळत नाही, याने तो बेचैन होतो. त्याच्याकडे ‘द्रुह’ आणि ‘पोद्रुहा’ असे दोन वेगळे शब्द आहेत, जसे ते आपल्याकडे आहेत.

आता तिसरा नोकर, उपपद. याच्या दारात सर्वांचीच परीक्षा होते. युक्रेनीत उपपद नाही, मराठीतही नाही. पण म्हणून त्या भाषांना ठाऊक आणि अनोळखी यांतला भेद कळत नाही असे मुळीच नव्हे. ‘झिन्का झाइश्ला दो किम्नाती’ म्हणजे ती बाई, जिच्याविषयी बोलणे चालले आहे, खोलीत आली. ‘दो किम्नाती झाइश्ला झिन्का’ म्हणजे खोलीत कोणी एक बाई आली. शब्द तेच, ठाऊक वस्तू आरंभी आणि नवी वस्तू शेवटी, एवढाच फरक. त्याचप्रमाणे ‘विपिती वोदु’ म्हणजे ते पाणी पिऊन टाकणे, आणि ‘विपिती वोदी’ म्हणजे थोडे पाणी पिणे. इंग्रजी ज्यासाठी ‘द’ आणि ‘सम’ हे दोन शब्द खर्च करते, ते काम युक्रेनी एका स्वराच्या फरकाने उरकते. हे विद्यार्थ्याला दाखवून द्यावे. ‘तुझ्या वाक्यात जे आरंभी येते तेथे बहुधा द आणि जे नव्याने शेवटी येते तेथे बहुधा अ’, एवढे सूत्र सर्व ठिकाणी पुरे पडत नाही, पण पहिला उंबरठा ओलांडण्यास पुरते. उपपद ही परकी कल्पना नसून आपल्याच जुन्या ओळखीच्या भेदाचा नवा पोशाख आहे, हे कळले की अर्धी भीती नाहीशी होते.

आणि या तीन अक्षरी इंग्रजी शब्दावर युक्रेनच्या बाबतीत फार मोठी गोष्ट अवलंबून होती. पूर्वी इंग्रजीत त्या देशाला सर्रास ‘द युक्रेन’ म्हणत. इंग्रजीत नद्या, पर्वतरांगा, समुद्र यांच्या नावांपूर्वी ‘द’ येतो, तसाच तो प्रदेशांच्या नावांपूर्वीही येत असे. इंग्रजी अमदानीतील लिखाणात ‘द पंजाब’, ‘द कर्नाटिक’ आणि ‘द कोकण’ हे आढळतात. ‘द डेक्कन’ तर आजही आढळते. हे भाग एका मोठ्या मुलखाचे प्रदेश आहेत, असा भाव त्या उपपदात असतो. फ्रान्स, पोलंड, इंडिया या नावांपूर्वी ते नसते. २४ ऑगस्ट १९९१ रोजी युक्रेनने स्वातंत्र्य जाहीर केले आणि १ डिसेंबर १९९१ च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. त्यानंतर इंग्रजीत ‘द’ गळत गेला आणि नुसते ‘युक्रेन’ रूढ झाले. ज्या भाषेत उपपदच नाही, तिच्या भाषकांना परभाषेतील एका उपपदासाठी आग्रह धरावा लागला.

अर्थात नियम सरसकट नाही. ‘द नेदरलँड्स’, ‘द युनायटेड स्टेट्स’ या नावांत ‘द’ आहे, कारण त्यांच्या पोटात अनेकवचनी वा सामान्य नाम आहे. गांबियाने तर आपल्या अधिकृत नावात ‘द’ स्वेच्छेने ठेवला आहे. ‘द’ हा शब्द स्वतः अपमानकारक नाही. मात्र तो कोणाच्या नावापुढे असावा हे त्या नावाच्या धन्याने ठरवावे, एवढीच मागणी होती. युक्रेनी भाषेत या वादाचे प्रतिबिंब शब्दयोगी अव्ययात पडले. ‘युक्रेनमध्ये’ म्हणताना पूर्वी ‘ना’ हे अव्यय वापरीत; ते प्रदेशांना, बेटांना लागते. आता ‘व’ वापरतात. ते राष्ट्रांना लागते. एकोणिसाव्या शतकातील तारास शेवचेन्को यांच्या काव्यातही ‘ना’ येतो, आणि त्याबद्दल त्यांना कोणी दोष देत नाही. पण १९९३ मध्ये युक्रेनच्या सरकारने रशियाला रशियन भाषेतही ‘व’ वापरण्याची विनंती केली. नामाच्या मागेपुढे उभ्या असलेल्या इवल्याशा शब्दात एखाद्या राष्ट्राचा दर्जा सामावलेला असू शकतो, हे यावरून ध्यानात येईल.

जून २०२४ मध्ये युक्रेनने इंग्रजीला आंतरराष्ट्रीय व्यवहाराची भाषा म्हणून कायद्याने स्थान दिले आणि काही शासकीय पदांसाठी तिचे ज्ञान आवश्यक ठरविले. म्हणजे हा प्रश्न परदेशी गेलेल्या कुटुंबांपुरता उरलेला नाही. आणि परदेशातील वर्गात तर त्याचे मोल फार मोठे आहे. घर सोडून आलेले बारा वर्षांचे मूल ‘मनी आर’ लिहिते. त्याची भाषा न जाणणाऱ्या शिक्षकाला ते मंद वाटू शकते, आणि ते खालच्या गटात जाऊन बसते. वास्तविक सात विभक्ती लीलया सांभाळणारे ते मूल व्याकरणात आपल्या शिक्षकाहून कमी नसते.

आपल्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींनी इंग्रजी शिकली ती तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवरून. त्या पुस्तकांचे मर्म हेच होते, की शिकणारा कोरा नाही, तो मराठी घेऊन आलेला आहे, आणि त्या मराठीवरूनच त्याला इंग्रजीकडे न्यावयाचे आहे. ही पद्धत आता जुनाट ठरविली जाते. नव्या पद्धतींचे गुण मी नाकारीत नाही. पण मातृभाषेला वर्गाच्या दाराबाहेर उभे करणे मला मान्य नाही. ती दाराबाहेर थांबत नाही. ती वहीत चुकीच्या रूपाने आत येतेच. मग तिला उघडपणे आत बोलावून तिची मदत का घेऊ नये?

या सभागृहात शिक्षक पुष्कळ आहेत. आपल्या वर्गांत घरी कन्नड, उर्दू वा कोंकणी बोलणारी मुले बसतात. ‘माझा पुस्तक’ असे एखादे मूल म्हणाले, तर ते दुरुस्त अवश्य करा. पण त्यापूर्वी ती चूक कोठून आली एवढे स्वतःला विचारा. त्या मुलाच्या भाषेतील चार नियम शिकण्यास एक सुटी पुरते. त्याने मुलाचे व्याकरण सुधारेल, आणि आपल्या घरची भाषा गुरुजींना ठाऊक आहे हे कळल्यावर त्याची मानही वर होईल.